गाळाची रेघ

रत्नाने मधल्या सीटचा पट्टा धरला आणि तो पार संपेपर्यंत बाहेर ओढला. सुरुवातीचा हातभर पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ होता. त्यापुढे एक तपकिरी रेघ आडवी गेली होती आणि रेघेपलीकडचा भाग कडक झाला होता. तिने नखाने खरवडलं. वाळलेली बारीक माती तिच्या मांडीवर पडली.

"शेठ, ही गाडी पाण्यात हुती."

किकवीजवळ हायवेलगत जुन्या गाड्या विकणारा इंद्रजित बाहेर तिच्या भावाबरोबर, हनुमंतबरोबर, चहा घेत उभा होता. त्याने व्हॅनमध्ये डोकावलंसुद्धा नाही. गाडी गावातल्या रस्त्यांवर फिरली की धूळ बसणारच, असं त्याने हनुमंतला समजावलं.

अर्ध्या तासापासून हेच चाललं होतं. प्रश्न रत्ना विचारत होती आणि उत्तरं हनुमंतला मिळत होती. इंजिनाचं काम कधी केलं, हे तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा इंद्रजितने हनुमंतच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला 'मालक' म्हटलं आणि इंजिन कंपनीतून आलं तसंच आहे, असं सांगितलं. हनुमंतने मान डोलावली. त्याला चारचाकी चालवताही येत नव्हती.

रत्नाने चार वर्षं आंबवड्याहून भोरला शाळेच्या मुलांची व्हॅन चालवली होती. व्हॅन दुसऱ्याची होती. त्याने यंदा ती विकून टाकली, तेव्हा अकरा मुलांच्या आया तिच्याकडे आल्या. तू स्वतःची गाडी घे, पोरं तुझ्याच भरवशावर पाठवू, असं म्हणाल्या. नवऱ्याला, माउलीला, कंपनीतून सुट्टी मिळेना. म्हणून काल हनुमंत येऊन गाडी बघून गेला आणि बहिणीने साठवलेल्या पैशातले दहा हजार टोकन म्हणून देऊन गेला.

ती खाली उतरली आणि तिने वाकून गाडीच्या तळावर अंथरलेलं रबर उचललं. सीटचे बोल्ट गंजाने फुगले होते. त्यांच्याजवळून जाणाऱ्या वायरींवर तोच गाळ चिकटला होता. याच सीटवर आंबवड्याची सहा वर्षांची पोरं बसणार होती. तिची कानशिलं तापली.

"उत्रोलीच्या खाचरात लावणी करत वाढलेय मी," ती म्हणाली. "गाळ कसा आसतो ते मला सांगू नका. गाडी नको. टोकन परत द्या."

इंद्रजित हसला. टोकन परत द्यायची पद्धत नसते, तुम्ही ताईंना जरा समजावून सांगा, असं तो पुन्हा हनुमंतलाच म्हणाला.

रत्ना दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. इंद्रजितला आता तिच्याकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"हिकडं बघून बोला. गाडी मी घेणार हुते. पैसं माजं हायती."

हनुमंत तिला हळूच म्हणाला, की जाऊ दे, माणूस ओळखीचा आहे. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तेवढ्यात वेल्ह्याकडचे एक गृहस्थ, गेनबा, मुलीला घेऊन आत आले आणि पलीकडच्या पांढऱ्या गाडीभोवती फिरू लागले. रत्ना व्हॅनपाशी गेली. मधला पट्टा पुन्हा पूर्ण ओढून तिने तो दारातून बाहेर धरला आणि तशीच उभी राहिली. इंद्रजितने एकदा गेनबांकडे पाहिलं, एकदा पट्ट्याकडे. मग तो ऑफिसात गेला, पैसे घेऊन आला आणि हनुमंतपुढे धरले. रत्नाने मधूनच ते घेतले. आता गुपचूप जा, असं तो दबक्या आवाजात म्हणाला.

ती गेली, पण आधी गेनबांकडे.

"बाबा, घेण्याआदी समद्या सीटांचं पट्टं शेवटपत्तोर वढून बघा."

गेनबांनी लगेच मुलीला गाडीचं दार उघडायला सांगितलं.

बाहेर हनुमंत मोटरसायकलला किल्ली लावून नुसताच बसून राहिला. हायवेवरून ट्रक जात होते. मग तो म्हणाला,

"बोल्ट काल म्या बगितलं हुतं."

रत्ना थांबली.

"मग टोकन का दिलंस?"

"तो मालक मालक करत हुता. चार मान्सं बसली हुती. नको कसं म्हनायचं?" त्याने आरशावरची धूळ अंगठ्याने पुसली. "वाटलं, पोरांची गाडी, जवळच्या जवळ फिरंल."

अकराही मुलांची नावं तिला एकदम आठवली. हनुमंत मान खाली घालून वाट बघत होता, तिने काहीतरी बोलावं म्हणून. ती मागे बसली आणि त्याचा खांदा न धरता मागची दांडी धरली.

किकवीचा फाटा आल्यावर त्याने वेग कमी केला. शिरवळच्या एका मास्तरांनी विकायला काढलेली व्हॅन रविवारी बघायची आहे ना, किती वाजता निघायचं, असं त्याने मान वळवून विचारलं.

"मी एसटीनं जाईन."

"आनि संगं कोन?"

"कुनी न्हाई," रत्ना म्हणाली.