पाळकांची होडी आणि मी

मी एक जुना लाकडी ढोल आहे, मित्रांनो. आज जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही. न बसो! वेसी नावाच्या टणक झाडाच्या अख्ख्या ओंडक्यातून मला कोरलं, तेव्हा माझ्या पहिल्याच ठोक्याने पलीकडच्या बेटावरचे नारळ गळून पडले. तिथल्या लोकांनी आभाराचा निरोपही धाडला होता.

पुढे मी चर्चच्या दारापाशी आलो. रविवारी मी घुमलो की सगळं गाव चटयांवर येऊन बसे. पण आमच्या पाळकांना, आपिसाईंना, आणखीही बेटं सांभाळायची होती. ते नसले की उपासनाही नसे. शेवटी वैतागून त्यांनी गावकऱ्यांनाच शिकवायला घेतलं. बायबलचं वचन कसं समजावायचं, प्रार्थना कशी चालवायची, दुःखाच्या घरी काय बोलायचं आणि कधी गप्प बसायचं. जाळी विणणारी विलीमाइना सगळ्यांत तरबेज झाली. पण आमच्या फिजीच्या माणसांची अदब मोठी वाईट! वेळ आली की, "आधी तुम्ही, काका." "छे, थोरले दादा असताना मी कसा?" असा मान गावभर फिरायचा, घरी अळूचे कंद गार व्हायचे आणि उपासना राहून जायची.

एका दुपारी पाळकांची होडी परतत होती. एवढ्यात पाऊस असा कोसळला की समुद्र कुठे आणि आभाळ कुठे, कळेना. प्रवाळाच्या खडकांतून आत यायला एकच अरुंद वाट. ती चुकली की होडीच्या ठिकऱ्या! सगळं गाव चर्चमध्ये जमलं आणि नुसतं बसून राहिलं.

"पाळक येऊ देत, मग प्रार्थना करू," विलीमाइनाचे सासरे कामिनिएली म्हणाले.

"मामंजी, पाळकच होडीत आहेत!"

"म्हणून काय सुनेनं पुढं व्हायचं? मोठी माणसं मेली काय?"

"अजून नाही. पण तिकडे एक मरायला टेकलंय."

कुणी हसलं नाही. वाऱ्यातून एक हाक आल्यासारखी वाटली आणि विरली. विलीमाइना उठली. सगळ्यांपुढे उभी राहून तिने प्रार्थना केली, दोन श्वासांत मावेल एवढीच. मग सासूला म्हणाली, "आत्याबाई, बायकांना घेऊन किनाऱ्यावर चला आणि घसा फुटेस्तोवर गा. बाकीच्यांनी ढोल उचला. वाटेच्या अगदी समोर ठेवा. आवाज थांबला तर होडी खडकांवर जाईल."

मला पावसात नेऊन ठेवलं. आणि मग, मित्रांनो, चमत्कार झाला! दांडक्यांना कुणी हात लावायच्या आत मी आपोआप घुमू लागलो. खडक दचकून बाजूला सरकले. होडी थेट वाळूवर! भिजलेल्या पाळकांनी मलाच मिठी मारली. म्हणून सांगतो, माणसांना शिकवत बसायची काही गरज नाही. गावात एक चांगला ढोल असावा, त्याला अधूनमधून खोबरेल तेल लावावं, म्हणजे—

"खोटं!" ऐकणाऱ्यांतून विलीमाइनाची मुलगी लिटिया ताडकन उभी राहिली. "मी तिथेच होते. आईनं वाजवलं तुला! तिचे हात सोलले तेव्हा आजोबा पुढे आले आणि म्हणाले, ‘सूनबाई, दांडकी इकडे दे. तू प्रार्थना चालू ठेव.’"