होल्डवरची चार मिनिटं

ऑपरेटरबाईंनी सव्वीस वर्षांत लाखभर माणसं एकमेकांना जोडून दिली असतील, पण कंपनीच्या फोनवरून स्वतःसाठी एक कॉल लावला असेल तर शपथ. कंपनी पाण्याचे पंप बनवायची. बाहेरून कुणाचाही फोन आला की आधी दाराजवळ बाईंच्या टेबलावर वाजायचा. बाई म्हणायच्या, "एक मिनिट हं, जोडून देते," आणि त्याला होल्डवर टाकून हवा तो माणूस गाठायच्या. हे वाक्य त्यांच्या जिभेवर असं काही बसलं होतं, की घरी खुद्द त्यांच्यासाठी फोन आला तरी तोंडातून तेच निघायचं. मग यजमानांना चेव यायचा. "दे गं जोडून! आमची बायको नेमकी कुठे सापडते ते आम्हालाही कळू दे."

त्या वर्षी साहेबांच्या डोक्यात इंटरनेटवर चालणाऱ्या फोनचं खूळ शिरलं. टेलिफोनचा जुना बोर्ड गेला आणि टेबलाटेबलावर पडदा असलेले काळे फोन आले. बसवायला आलेला टकलू फोनवाला मोठा बोलघेवडा होता. "बाहेर लावायचं तर आधी शून्य दाबा. हे लाल बटण होल्डचं. पलीकडच्याला आपला नवा नंबर दिसेल. आता ज्याचा तो फोन लावेल बाई, तुम्ही मोकळ्या!"

"मोकळी म्हणजे घरी बसायला मोकळी ना?" बाई म्हणाल्या. फोनवाला डोकं खाजवत वायरी गुंडाळायला लागला.

पण माणसं कुठली सुधारायला! खरेदी खात्यातले काका शून्य दाबायला हमखास विसरायचे, नंबर लागला नाही की रिसीव्हर हातात धरून हॉलभर ओरडायचे, "बाई, तुम्हीच जोडा हो!" त्यामुळे बाईंचं टेबल जागच्या जागी राहिलं.

गुरुवारी सकाळी दहाला पाच-सात मिनिटं कमी असताना बाईंच्या मोबाइलवर भावजयीचा निरोप आला. 'वन्सं, ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन आहे, अकराच्या आत नेतील. अवघड आहे म्हणतात डॉक्टर. माझ्या फोनवर करू नका, ह्यांना कळलं तर चिडतील, आणि शांत ठेवायला सांगितलंय. पण तुम्हाला न सांगता राहवेना.'

भावजय म्हणजे बारक्याची बायको, आणि बारक्या म्हणजे त्यांचा पाठचा भाऊ. पन्नाशी गाठली तरी त्यांच्या लेखी बारक्याच. पाच वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. आई त्याच्याकडे असायची. तिला ताप आला, याने दोन दिवस घरीच औषध दिलं, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं आणि चौथ्या दिवशी आई गेली. तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर बाई त्याला म्हणाल्या होत्या, "आईला तू मारलंस." तो नुसता बघत राहिला होता. त्यानंतर त्याने आपल्या फोनवर बाईंचा नंबर कायमचा ब्लॉक करून टाकला. बाईंना ते बोलल्याच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं की हे खोटं आहे, दुःखाच्या भरात तोंडातून गेलं आहे. पण धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द, दोन्ही कुठे परत येतात?

आणि आता तो ते वाक्य उरावर घेऊन ऑपरेशनला जाणार होता. त्याच्या गावी गाडीने जायचं तर आठ तास. हातात होता एक तास, आणि समोर होता तो काळा फोन. बाईंच्या मोबाइलवरून त्याला फोन लागणारच नव्हता, पण कंपनीचा नवा नंबर त्याला काय माहीत!

बाईंनी शून्य दाबलं. पुढचा नंबर बोटांना पाठ होता. तिसऱ्या घंटेला फोन उचलला गेला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

आवाज खोल गेला होता, पण त्याचाच. पाच वर्षांनी ऐकलेला. बाईंच्या डोक्यात सगळं कोरं झालं, आणि कोऱ्या डोक्याने जिभेवर जे बसलं होतं तेच सांडलं. "एक मिनिट हं, जोडून देते." आणि बोट आपसूक लाल बटणावर गेलं.

बटणातला दिवा लुकलुकायला लागला. आपण काय करून बसलो ते बाईंना तेव्हा समजलं. सख्ख्या भावाला त्यांनी होल्डवर टाकलं होतं! त्यांनी बटण परत दाबायला हात नेला आणि मागे घेतला. काय बोलायचं? आवाज ओळखून तो भडकला तर? शांत ठेवायला सांगितलंय. शेजारच्या कागदावर त्यांनी घाईघाईने लिहिलं, 'बारक्या, मी चुकले.' खोडलं. 'त्या दिवशी बोलले ते माझ्या मनात नव्हतं.' तेही खोडलं. पडद्यावर सेकंद पळत होते. कुणी बोलवायला आलं, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. शेवटी ठरलं, नुसतं 'ताई बोलतेय' म्हणायचं, पुढचं पुढे. त्यांनी डोळे पुसले, बोट बटणावर ठेवलं, आणि दिवा विझला.

कॉल संपला. चार मिनिटं अकरा सेकंद.

कंटाळून ठेवला असणार, बाईंना वाटलं. कुठल्याशा कंपनीच्या फोनसाठी मरणाच्या दारातला माणूस किती थांबेल? त्यांनी पुन्हा लावला. फोन बंद. पुन्हा लावला. दुपारी तीनपर्यंत त्या शून्य दाबत होत्या, आणि तीन वाजता मोबाइलवर भावजयीचा फोन आला. ती नुसती रडत होती.

तेरावं उरकून सगळी पांगापांग झाल्यावर नणंद-भावजय त्याच्या कपाटासमोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या फोनबद्दल बाईंनी अजून तोंड उघडलं नव्हतं. कोणत्या तोंडाने उघडणार?

"एक विचारू वन्सं?" भावजय म्हणाली. "त्या सकाळी कुठल्याशा कंपनीचा फोन आला होता. हे कानाला लावून गप्प पडून राहिले. मी म्हटलं, ठेवा हो, काहीतरी विकणारे असतील. तर म्हणाले, अगं, ताई आहे."

बाईंच्या हातातला सदरा तसाच राहिला.

"मी म्हटलं, मग बोला की! तर म्हणाले, तिनं थांबायला सांगितलंय. धीर गोळा करत असेल, करू दे तिला. स्ट्रेचर आलं तरी फोन काही सोडेनात. शेवटी वॉर्डातल्या माणसाने हातातून काढून घेतला आणि बंदच करून टाकला. मला तो परत चालूही करता येईना." तिने पदराने नाक पुसलं. "तुम्हीच होता ना?"

बाईंनी मान हलवली. मग त्यांना रडू आवरेना. सदऱ्यात तोंड खुपसून त्या गदगदून रडल्या, आणि पाच वर्षं घशात अडकलेलं वाक्य हुंदक्यांमधून तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. "त्यानं नाही मारलं गं आईला. त्यानं नाही मारलं."

भावजयीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तीही रडत होती.

"दारातून आत नेताना माझा हात धरून एकच सांगितलं त्यांनी," ती म्हणाली. "ताईचा परत आला तर उचल. आणि तिला सांग, मी ठेवला नाही. माझ्या हातातून घेतला."