दोन मजल्यांच्या मध्ये

मी या इमारतीची लिफ्ट बोलतेय. जुनी, जाळीच्या दाराची. आत एक आरसा आणि मनात आलं तरच फिरणारा पंखा. माझ्याभोवती जिना वर चढत जातो. त्यावरून माणसं हवी तिथे वळतात, मला मात्र वर आणि खाली एवढंच ठाऊक. कुणी बटण दाबलं की निघायचं, नाहीतर उभं राहायचं. भिंतींच्या या विहिरीत माझा जन्म गेला.

चौथ्या मजल्यावरचा विमा एजंट सगळ्यांचा लाडका. म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलायचा, पोरांना हाक मारायचा. त्याची बायको दाताच्या दवाखान्यात कामाला होती. दोघं माझ्यात शिरली की तो शेजाऱ्यांना हसून निरोप द्यायचा आणि दार लागलं की तसंच हसत तिचं मनगट पिरगाळायचा. आवाज नाही, शिवी नाही. तळमजला आला की हात सुटायचा. मी बघत राहायचे. मला तोंड असून नसल्यासारखं.

कधी कधी ती एकटीच बॅग घेऊन खाली यायची. दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहायची, पण दार उघडायची नाही. मग पुन्हा चौथ्याचं बटण दाबायची.

एका सकाळी ती अशीच बॅग घेऊन निघाली. तिसऱ्या मजल्यावर गणिताच्या बाई आत आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, तरी वाचनालयात मुलांना शिकवायला जायच्या. आम्ही दुसरा मजला ओलांडला आणि वीज गेली. मी दोन मजल्यांच्या मध्ये लटकले.

तिचा श्वास जोरात चालू लागला. "बाई, दोर तुटला तर?"

"एक तुटला तर बाकीचे आहेत. घडणारच नाही असं म्हणत नाही, पण संभव फार कमी."

"हवा संपली तर?"

"अगं, जाळीचं दार आहे. हवा संपणं अशक्य. आणि वीज येणार हे निश्चित. मात्र लगेच येईल की नाही, ते मला विचारू नकोस."

ती कसंनुसं हसली. तिला आणखी गुंतवावं म्हणून बाईंनी मुलांसाठी घेतलेली कापडी पिशवी काढली. "यात शर्टाच्या गुंड्या आहेत. न बघता एक काढ."

पांढरी निघाली. बाईंनी ती परत टाकून पिशवी हलवली. पुन्हा पांढरी. पुन्हा पांढरीच.

"काळी आहे का यात?"

"मी सांगणार नाही. तू सांग."

"शक्य आहे," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "शक्य तर काहीही असतं ना, बाई? हे दर वेळी म्हणतात, आता असं होणार नाही. आई म्हणते, जुळवून घे, माणूस बदलतो."

बाईंनी तिच्या बॅगेकडे पाहिलं, मग मनगटाकडे.

"बदलणं अशक्य आहे असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "कुणाच्या मनात काय आहे ते मला दिसत नाही. पण शक्य म्हणजे होणारच असं नव्हे. पिशवीत डोकावता आलं नाही, तरी आजवर हाताला काय लागलं ते तुला ठाऊक आहे. अंदाज त्यावरूनच करायचा."

ती बॅग पोटाशी धरून खाली बसली आणि रडली. आवाज न करता रडायची तिला सवय होती.

तेवढ्यात वरून नवऱ्याची गोड हाक आली. "अगं, अडकलीस का? घाबरू नकोस. वीज आली की सरळ वर ये, मी आहे."

तिनं अंग चोरलं.

"आईकडे नको जाऊस," बाई हळूच म्हणाल्या. "माझ्या बहिणीकडे एक खोली रिकामी आहे. मी सोबत येते."

वीज आली. पंखा कुरकुरला. ती उठली. तिचं बोट चौथ्याच्या बटणापाशी गेलं आणि मी काहीच करू शकत नव्हते. मग तिनं तळमजला दाबला.

मी निघाले तशी जिन्यात धडधड पावलं वाजू लागली. मी आयुष्यात पहिल्यांदा जोर लावला, पण माझा वेग तो किती. दार उघडलं तेव्हा तो समोर उभा होता.

"चल वर," तो म्हणाला.

बाई आधी बाहेर पडल्या आणि दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. पहारेकरी खुर्चीवरून उठला. चार लोक बघतायत म्हटल्यावर नवऱ्यानं चेहऱ्यावर हसू आणलं. "बरं, जाऊन ये. संध्याकाळी येशील ना?"

"नाही," ती म्हणाली.

ती गेली. तो माझ्यात शिरला, दार ओढून घेतलं आणि आरशावर मूठ मारली. तडा अजून तसाच आहे.

इमारतीच्या दारापलीकडचं मला काही दिसत नाही. पण परवा बाई एकट्याच वर जात होत्या आणि फोनवर कुणाला तरी म्हणत होत्या, "कामावर गेलीस ना? बरं झालं. दाराला कडी लावून झोपत जा."

आता मला काढून नवी लिफ्ट बसवायची म्हणतात. तोवर मी इथेच, वर आणि खाली. एवढंच मागणं आहे: माझ्यात कुणी बटण न दाबता नुसतंच उभं असेल, तर घाई करू नका. विचारा, कुठे जायचंय?