सागरबाबाचं काळं तीर्थ

इस्लापूरच्या बाजारतळावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मंडपात सागरबाबा, पुढ्यात निळं पिंप.

"भर समुद्रातलं तीर्थ हाय, मायहो! साऱ्या नद्या समुद्राला मिळत्यात, म्हंजी साऱ्या पृथ्वीचं लोखंड तिथंच. रोज एक घोट, अन् अंगात रगतच रगत!"

आणि हे महाराज स्वतः मात्र सीलबंद बाटलीतलं पाणी पीत होते!

बाबा आजाऱ्याच्या मुठीत पिवळट विभूती द्यायचे आणि तीर्थाच्या पेल्यात सोडायला लावायचे. पाणी क्षणात काळंकुट्ट. "रोग उतरला!" बाबा गरजले की सारा मंडप हात जोडायचा.

माहेरी आलेली तनुजा हे सारं बघत होती. रांगेत तिची भावजय सृष्टी उभी होती. सातवा महिना, रक्त सहावर आलेलं, ओठ पांढरेफटक. शेजारी तनुजाची आई, तारामतीबाई. बाबांच्या हुकमावरून त्यांनी सुनेच्या लोहाच्या गोळ्या पंधरा दिवसांपासून बंद केल्या होत्या. तनुजाच्या जिवाला नुसता घोर लागला होता.

आता योग असा, की नांदेडच्या कॉलेजात शिकवणाऱ्या तनुजाचा अभ्यास नेमका समुद्रातल्या लोखंडाचाच होता. ती सरळ पुढं गेली.

"बाबा, नद्यांचं लोखंड मुखाशीच गाळात बसतं. उथळ समुद्रात ते तळातून थोडं वर येतं, बारीक जीव ते खातात, मेले की पुन्हा तळाला. भर समुद्रात जातं ते नावापुरतं, काही वाऱ्याच्या धुळीबरोबर. एका गोळीइतकं लोखंड मिळवायला तिथलं वीस लाख लिटर पाणी लागेल!"

"लई शिकलीस, पोरी. समुद्र पाह्यला का कधी?"

"जहाजावरून पाणी काढलंय त्याचं."

लोक हसले. तनुजानं घरून आणलेल्या पाण्यात बाबांचीच विभूती टाकली. काही झालं नाही. मग सोबत आणलेल्या पुडीतले हिराकसाचे हिरवट खडे त्यात विरघळवले. पाणी काळं झालं.

"विभूती म्हणजे हिरड्याची पूड. पिंपात हिराकस आणि मीठ. पूर्वी शाई अशीच करायचे. रोगबिग काही उतरत नाही."

रांग थांबली. तनुजाला वाटलं, सुटली सृष्टी.

तेवढ्यात तारामतीबाईंनी विचारलं, "हिराकसात काय असतं गं?"

"लोखंड. पण आई..."

"मग बाबा खोटं काय बोलले? लोखंडच देऊन राहिलेत की!"

"माय शहाणी हाय!" बाबांनी टाळी वाजवली. मंडपानंही वाजवली.

"अगं आई, ते रंगाऱ्याचं सामान आहे! किती टाकलंय, किती शुद्ध, कुणाला ठाऊक? गोळी मोजून दिलेली असते!" तनुजा ओरडत होती. ऐकतंय कोण? रांग पुन्हा सरकू लागली.

तिनं सृष्टीचा हात धरला. "तुला तरी पटलं ना?"

"पटलं, ताई." सृष्टीनं सासूकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पर तुमी उद्या नांदेडला जाताल. मला त्याच घरात ऱ्हायाचंय."

तिनं पेला तोंडाला लावला. तनुजाला रडू फुटलं.

बाबाची लबाडी पाच मिनिटांत उघडी पडली, पण सृष्टीला एक गोळी मिळाली नाही. तेव्हा हे सांगणं सुनांना नाही, त्यांना कळलेलंच असतं. हे सासवांना, सासऱ्यांना, नवऱ्यांना आहे. पाणी काळं पडलं तर त्यात काय कालवलंय ते विचारा. डॉक्टरची गोळी बाबाच्या शब्दावर बंद करू नका. आणि केली असेल, तर आजच तिच्या हातावर ठेवा.