पहिली टाळी कुणाची?

मी एक जुनी, लोखंडी घडीची खुर्ची आहे. मित्रांनो, माझा जन्म वेल्डिंगच्या ठिणग्यांत झाला आणि उरलेलं आयुष्य मंडपवाल्याच्या गोदामात आणि लोकांच्या सभांत गेलं. नवी होते तोवर वक्त्यांसाठी मला व्यासपीठावर मानाने मांडत. रंग उडाला तशी मी तिसऱ्या रांगेत आले. तिथे मला टाळीकाका भेटले.

टाळीकाका पूर्वी बँडमध्ये ढोल वाजवायचे. बँड बंद पडल्यावर सभा भरवणारे त्यांना पैसे देऊन बोलावू लागले. काम एकच. वक्त्याने रुमाल काढला की पहिली टाळी वाजवायची. मागोमाग सगळी सभा वाजायची. सकाळी 'झाडं वाचवा', संध्याकाळी 'रस्ता रुंद करा'; दोन्हीकडे काका आणि दोन्हीकडे मी. खरं कोणाचं, हे मला कधीच कळलं नाही. मला पाय आहेत, पाठ आहे. डोकं तेवढं नाही.

परवा 'सुंदर शहर नागरिक मंचा'ची सभा होती. नाव नागरिकांचं, पण मंच चार बिल्डरांचा, असं मंडपवालाच खुर्च्या मांडताना म्हणाला. त्यांना भाजीबाजाराची जागा हवी होती. काकांची धाकटी बहीण त्याच बाजारात भाजी विकते. दादा टाळ्यांचे पैसे घेतो, हे तिला ठाऊक नव्हतं. ती नेमकी त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"दादा, आज मी उठून बोलणार. बाजार गेला तर आम्ही खायचं काय?"

तेवढ्यात वक्ता गरजला, "या बाजाराने रोगराई पसरते, असं सगळं शहर म्हणतंय!" आणि त्याने रुमाल काढला. काकांचे हात सवयीने वाजले. सभा वाजली. बहिणीने पुढे पाहिलं, मागे पाहिलं आणि हळूच तिनेही टाळी वाजवली.

"अगं, तू कशाला वाजवतेस?" काका कुजबुजले.

"एवढी माणसं वाजवतायत. आपलंच काहीतरी चुकत असेल."

"ती मी वाजवली म्हणून वाजवतायत!"

"मग तू का वाजवलीस, दादा? पटलं म्हणूनच ना?"

बहीण बोलायला उठलीच नाही. बाजार हलवण्याचा ठराव एकमताने झाला.

मी अजून गोंधळलेलीच आहे. बहिणीने सभेचं ऐकलं, सभेने काकांचं, काकांनी रुमालाचं. मग बाजार नको, असं नेमकं वाटलं तरी कुणाला?

मित्रांनो, तुम्हाला डोकं आहे. सगळे टाळ्या वाजवू लागले की क्षणभर हात मांडीवर ठेवा. शेजारची बाई काही बोलायला आली असेल, तर तिला आधी बोलू द्या.