भरल्या पोटाची मांजरं

"लग्नात लोक मला बघायला येणारेत, मांजराला नाही," गिऱ्हाईक बाई आरशापुढे पुटपुटली आणि नव्या कोटाच्या बाहीवरचा एकेक केस चिमटीत धरून उचलायला लागली. "पुढच्या वेळी एक जरी केस दिसला ना, तर सगळ्या वऱ्हाडाचे कपडे दुसरीकडे टाकेन."

दुकान चालवणारी धाकटी तिच्या पायाशी बसून काठ टाचत होती. तोंडात टाचण्या असल्यामुळे ती नुसतं "हं" म्हणाली. मागच्या आठवड्यात कापून ठेवलेल्या मखमलीवर एक मांजरी चक्क व्यायली होती. मखमल गेली, मखमलीचं गिऱ्हाईकही गेलं. असंच चाललं तर शिवणाचं दुकान बंद करून माश्या मारत बसायची पाळी होती.

मांजरं गल्लीत पूर्वीही होती, पण हल्ली त्यांनी ताळतंत्रच सोडलं होतं. बेकरीच्या पत्र्यावर मांजर, दाताच्या डॉक्टरांच्या स्कूटरवर मांजर, आणि प्रत्येकीच्या मागे पिल्लांची पलटण. शेवटी सगळ्यांनी मिळून पिंजरेवाल्याला बोलावलं. तो मांजरं पकडून दवाखान्यात नेणार, ऑपरेशन झालं की परत आणून सोडणार. आहेत ती राहतील, वाढायची मात्र नाहीत.

त्यानं दुकानामागच्या अंगणात पिंजरा मांडला आणि आत मासा ठेवला. मांजरांनी वास घेतला आणि पिंजऱ्याच्या सावलीत ताणून दिली. मग त्यानं कोंबडीचं काळीज ठेवलं. एक बोका पिंजऱ्यावर चढून निवांत अंग चाटत बसला. अडकला कोण, तर डॉक्टरांचा हात, पिंजरा चालतो कसा ते बघताना.

"यांची पोटं टम्म भरलेली आहेत हो," पिंजरेवाला वैतागून म्हणाला. "भुकेलं मांजरच आत शिरतं. कोणी खायला घालतं का इथं?"



"बाजारात मासळीचा कचरा पडतो ना," बेकरीवाला म्हणाला.

"उंदीर माजलेत," डॉक्टर हात चोळत म्हणाले.

धाकटीच्या नवऱ्यानं तर हवापाण्यालाच दोष दिला.

खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानाच्या वर थोरली राहायची, धाकटीची जाऊ. दुपार झाली की ती माशांची डोकी शिजवून पातेलं घेऊन जिना उतरायची, आणि गल्लीतली यच्चयावत मांजरं शेपट्या उभारून तिच्यामागे. पण तिला सांगणार कोण? डॉक्टरांची पोरं तिच्या मांडीवर वाढलेली. बेकरीवाल्याच्या बायकोच्या बाळंतपणात तीच उभी राहिलेली. धाकटीला तर सुई धरायला तिनंच शिकवलं होतं, "हात आहेत की पाय गं?" असं दरडावत, आणि मग स्वतःचं मशीन उचलून देऊन टाकलं होतं. मोठे दीर गेल्यापासून तिच्या स्वयंपाकघरात एवढं मोठं पातेलं निघायचं ते फक्त मांजरांसाठी.

"आज अखेरचा दिवस," पिंजरेवाला म्हणाला. "उद्यापासून पलीकडची गल्ली. तुमचा नंबर परत कधी लागेल, सांगता येत नाही."

तेवढ्यात जिना वाजला. डॉक्टर ढग बघायला लागले. बेकरीवाल्याला एकदम भट्टी आठवली. पदर खोचून, वाफाळतं पातेलं दोन्ही हातांनी सांभाळत थोरली उतरली.

"काय रे, सगळे तोंडं पाडून का उभे?" ती म्हणाली. "आणि त्या मुक्या जिवांना तेवढ्याशा तुकड्यावर ठेवता होय? मेला पिंजरा आल्यापासून मी दोन्ही वेळा रांधतेय. उपाशी पोटी कोणी पकडून नेलं तर शाप लागेल!"

पिंजरेवाल्यानं कपाळाला हात लावला. धाकटीला हसूच आलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, तर तो बुटाची नाडी बांधत होता. पायात चपला असताना.

ती पुढे झाली आणि फडक्यानं पातेल्याचा एक कान धरला. थोरलीनं दुसरा सोडला नाही. दोघींच्या पायांत मांजरं घोटाळायला लागली.

"ताई," धाकटी म्हणाली, आणि आवाज ठरवला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला, "ही मांजरं वाढलीत ती तुमच्यामुळे. आजच्या दिवस त्यांना उपाशी राहू द्या. पातेलं वर न्या, मी येते मागोमाग. त्यांचं ओरडणं ऐकवणार नाही तुम्हाला, तर दार लावून दोघी गप्पा मारत बसू."