रीडिंगवाल्यांचं मीटर

"शर्ट काढावा लागेल, काका," दुकानदारीण म्हणाली. "पट्टा अंगाला लागला पाहिजे. शर्टावरून नाही चालत."

रीडिंगवाल्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग सायकलच्या दुकानाच्या उघड्या दाराकडे, आणि शेवटी बायकोकडे. ती टायरांच्या चळतीशेजारी स्टुलावर बसली होती. मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात.

"जा की," ती म्हणाली. "मागे पडदा आहे. मी आत्ताच जाऊन आले ना?"

ते खरं होतं. ठोके मोजणारा पट्टा छातीला बांधायचा म्हटल्यावर तिने भुवया चढवल्या होत्या. "ज्याची छाती दुखावलीय त्याच्या छातीलाच आवळायचं? आधी मी बघते." नवं औषध आलं की ती त्याचा थेंब आधी आपल्या जिभेवर ठेवायची, मगच नवऱ्याला द्यायची, तेव्हा पट्ट्याची सुटका कशी व्हावी? दुकानदारीण हसली आणि तिला पडद्यामागे घेऊन गेली. बाहेर येऊन काकूंनी निकाल दिला, "टोचत नाही. बांधा."

एवढ्यात एक गिऱ्हाईक पंक्चरची ट्यूब घेऊन आलं आणि दुकानदारीण तिकडे वळली. रीडिंगवाले मुळात भिडस्त. कुणाला पुन्हा विचारण्यापेक्षा त्यांनी काउंटरवरच्या खोक्यातला पट्टा मुकाट्याने उचलला आणि ते पडद्याआड गेले.

त्यांची सगळी नोकरी पाणीखात्यात, घरोघरची मीटरं वाचण्यात गेली. खरं नाव खात्याच्या कागदांवर असेल तेवढंच. गावाला ते रीडिंगवाले म्हणूनच ठाऊक. दार वाजलं की आतून आवाज यायचा, "रीडिंगवाले आलेत गं, झाकणावरची कुंडी सरकव." मग ते सायकल भिंतीला लावायचे, उकिडवे बसायचे, खड्ड्यातला चिखल हाताने बाजूला करायचे आणि आकडा डोळ्यांनी पाहूनच लिहायचे. निवृत्तीनंतरही सायकल सुटली नाही. रोज सकाळी गावाबाहेरच्या टाकीपर्यंतचा चढ ते चढून जायचे, आणि त्या चढावर आपण कधी पाय टेकला नाही याचा त्यांना मनातल्या मनात फार अभिमान होता.

मग गेल्या वर्षी छातीने दगा दिला. रक्तवाहिनीत जाळी बसली आणि सायकल बोळात चादर पांघरून उभी राहिली. चादर अर्थातच बायकोने घातलेली. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अट घालून. ठोके एकशेवीसच्या वर जाता कामा नयेत, आणि तेही अंदाजाने नाही. सायकलला ठोके दाखवणारं मीटर लावायचं. त्यावर घरी आणखी एक अट वाढली. "तो आकडा आधी मी माझ्या डोळ्यांनी बघणार," बायको म्हणाली होती. "मला पटला तर चालवा. नाहीतर सायकल भंगारवाल्याला."

दुकानदारिणीने तीन मीटरं मांडली होती. पहिल्यात रंगीत नकाशा होता. मुलीचा फोनवरून त्याच्यासाठीच आग्रह चालला होता, "बाबा, पैसे मी देते, नकाशावालं घ्या." त्यांनी तिला सांगितलं, "बाळा, या गावात जमिनीखालून कुठली पाइप कुठे जाते ते मला माहीत आहे. वरचे रस्ते मला कोण शिकवणार?" दुसरं मनगटावर बांधायचं. दुकानदारीण सरळ बाई. ती म्हणाली, "हँडल धरलं की मनगट वाकतं, मग आकडा कधीकधी मागे राहतो." रीडिंगवाल्यांनी ते अदबीने बाजूला सरकवलं. तिसरं आगपेटीएवढं, करड्या रंगाचं. वेग, अंतर आणि ठोके; बाकी काही नाही. सोबत छातीचा पट्टा. पेन्शनीत बसणारं. ते हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा जरा उजळला. हे आपल्या पैशाने आपण घेऊ शकतो, हे त्यांना कुणाला सांगायचं नव्हतं, पण ते दिसत होतंच.

पट्टा बांधून, शर्टाची बटणं वरपर्यंत लावून ते बाहेर आले आणि बायकोसमोरच्या बाकड्यावर बसले.

"आता सायकलवर बसा ना, काका," गिऱ्हाइकाला वाटेला लावून परतलेली दुकानदारीण म्हणाली.

"थांब. आधी नळ बंद करून बघायचं असतं," ते म्हणाले. "घरातले सगळे नळ बंद, आणि तरी काटा फिरतोय, तर कुठेतरी गळतंय. तसं आधी मी स्वस्थ बसतो."

ते स्वस्थ बसले. मीटरवर आकडा उमटला. एकशेसोळा. मग एकशेअठरा.

बायको चष्मा लावून पुढे वाकली, आकडा पाहिला आणि पुन्हा सरळ बसली.

"बसल्या जागी?" ती म्हणाली.

"मला तर शांत वाटतंय."

"तुम्हाला त्या दिवशीही शांतच वाटत होतं."

एकशेबावीस. दुकानदारिणीने हळूच पाण्याचा पेला पुढे केला. रीडिंगवाल्यांनी दोन बोटं मनगटावर ठेवली. खालची शीर संथ चालली होती, दुपारच्या बैलगाडीसारखी. मीटरची काच एक सांगत होती आणि बोटं दुसरंच. दोन भावांचं एक घर त्यांना आठवलं. धाकटा बिचारा नळ घट्ट करून करून थकला, तरी त्याचं मीटर पळतच राहायचं. शेवटी खणून पाहिलं तर पाणी थोरल्याकडे जात होतं.

ते उठले आणि मीटर तळहातावर धरून दुकानाबाहेर गेले. "अहो, कुठे निघालात?" बायकोने विचारलं, पण ते थांबले नाहीत. शेजारच्या शिंप्याच्या पायरीपर्यंत जाताच आकडा पुसला गेला. नुसत्या आडव्या रेघा राहिल्या. ते परतले. दारात आले, बाकड्यापाशी आले, स्टुलापाशी आले. एकशेसव्वीस.

"अगं," ते म्हणाले, "तू तो पट्टा काढलास का?"

"कधी काढणार? मी बाहेर आले नाही तोच तुम्ही आत घुसलात. म्हटलं, तुमचं झालं की काढते."

दुकानदारिणीने कपाळावर हात मारला. "म्हणजे काकांनी दुसऱ्या खोक्यातला घेतला. काका, ओला केला होता का तो?"

"ओला कशाला करायचा?"

"कोरडा पट्टा मुका असतो हो. काकूंचा मी ओला करून दिला होता. आणि हे मीटर साधं, जवळचा जो पट्टा बोलेल त्याचं ऐकतं." तिला हसू आवरेना. "मघापासून काकूंचेच ठोके बघतोय आपण."

रीडिंगवाले हसले नाहीत. ते त्या आकड्याकडे बघत उभे राहिले. स्टुलावर नुसती बसलेली बाई. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. चेहऱ्यावर एक सुरकुती हललेली नाही, आणि आत हे.

"रोज असंच होतं?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? मी कुठे मोजत बसते?"

पण त्यांना आता कळत होतं. आजारपणापासून ते साधं मीठ आणायला गेले तरी परतताना ती खिडकीत दिसायची. विचारलं तर म्हणायची, वारा घेतेय.

त्यांनी मीटर काउंटरवर ठेवलं. "राहू दे, ताई," ते दुकानदारिणीला म्हणाले. "नको आपल्याला. सायकल देऊन टाकू."

"का?" बायकोने विचारलं.

"का म्हणजे? तुझं हे असं होत असताना मी टाकीवर जाऊ?"

"माझ्या नावावर खपवू नका. उद्या सगळ्यांना सांगाल, बायकोने सायकल सोडायला लावली." ती उठली आणि दुकानदारिणीकडे वळली. "तुला सांगते, ह्यांच्या बरोबरीचे कितीतरी जण चहाच्या टपरीवर बसून अंदाजे आकडे भरायचे. हे बेडकांच्या खड्ड्यात हात घालायचे. एका उन्हाळ्यात आमच्याच घरचं पाणी वारेमाप झालं, तर ह्यांनी तेही जसंच्या तसं लिहिलं. जास्तीचं बिल घेऊन स्वतःच घरी आले, साळसूदासारखे."

"तू महिनाभर बोलली नव्हतीस," ते पुटपुटले.

"नव्हतेच बोलले. पण माहेरी जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं." तिने पिशवी काखेला लावली. "हा माणूस स्वतःचा आकडा खोटा सांगायचा नाही. तू ह्यांचा पट्टा ओला कर. मी माझा काढून येते."

पट्टा ओला झाला. आकडा उमटला. अडुसष्ट. बायकोने तो चष्म्यातून वाचला, मग चष्मा वर करून वाचला, आणि दुकानदारिणीला म्हणाली, "बांधून दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चढाला लागेपर्यंत सगळं सुरळीत होतं. शंभर. एकशेसात. शाळेच्या फाटकाशी चढ खरा उभा राहतो. तिथे आकडा एकशेचौदावर गेला, मग एकशेसतरा. पायांत जोर होता; आणखी थोडं रेटलं असतं तर वळण आलंच असतं. मुलांची रांग फाटकात शिरत होती, आणि मागून खात्यातला जुना सोबती स्कूटरवरून येत होता.

एकशेएकोणीस. रीडिंगवाल्यांनी पाय टेकला.

"काय रीडिंगवाले, दमलात का?" सोबत्याने स्कूटर हळू केली.

"नाही. आकडा भरला." ते खाली उतरले, एक हात हँडलवर आणि एक सीटवर ठेवला, आणि पाठ ताठ ठेवून, सगळ्यांच्या देखत, सायकल हातात धरून वर चालू लागले.

घरी आले तेव्हा बायको खिडकीतच होती. त्यांना पाहताच ती आत वळली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

"एकशेएकोणीस झाले," त्यांनी दारातूनच सांगितलं. "उतरलो. शाळेसमोर."

"सगळ्यांसमोर?"

"हो. खात्यातला सोबतीही होता. वळणापर्यंत चालत गेलो."

तिने टॉवेलची घडी घातली, मोडली आणि पुन्हा नीट घातली.

"उद्या जाताना दार ओढून घ्या," ती म्हणाली. "मी झोपलेली असेन."